‘पूर्ण फिट होऊन या’ असं कंपनी म्हणते तेव्हा

प्रश्न: माझे मिस्टर (वय ४३) मरोळच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या मशीनवर ऑपरेटर आहेत. १४ वर्षं झाली, पगार १९,००० रुपये. आम्ही डोंबिवलीला राहतो. साडेचार महिन्यांपूर्वी सकाळी ड्युटीला जाताना मुंब्रा सोडल्यावर गर्दीत लोकलमधून पडले. उजव्या पायाच्या नळीच्या हाडात रॉड घातला आहे, आता काठी घेऊन चालतात. विम्याचे पैसे ९१ दिवसांनी बंद झाले. कंपनी म्हणते, पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर राजीनामा द्या, हिशेब करून देतो. हे म्हणतात, गावी जाऊन राहू. काय करावं?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी, राजीनामा लिहून देऊ नका. ‘हिशेब करून देतो’ हे वाक्य मी गेली चोवीस वर्षं ऐकते आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दुखणं किंवा दुखापत झाल्यावर माणूस पुन्हा आपल्या कामाला कसा लागेल, ते पाहणं हाच माझा व्यवसाय. राजीनामा दिला की कागदोपत्री त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली असं होतं, आणि मग भांडायला पायाखाली जमीनच उरत नाही. सही मागितली तर ‘घरी विचारून सांगतो’ एवढंच म्हणावं आणि कागद घरी आणावा.

आता पैशाचं बोलू, कारण घरखर्चाची चिंता असताना बाकी काही डोक्यात शिरत नाही. ‘९१ दिवसांनी बंद झाले’ हे वाचलं आणि मी थांबले. १९,००० पगार म्हणजे ई.एस.आय.च्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दरमहा २१,००० च्या मर्यादेत. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा १४३ रुपयांच्या आसपास कापलेले दिसतील. या विम्यात साधा आजार म्हणून नोंद झाली, तर वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, मजुरीच्या ७० टक्के मिळतात. तुमच्या मिस्टरांची नोंद तशीच झालेली दिसते. पण कामामुळे झालेली दुखापत अशी नोंद असती, तर ९० टक्के मिळाले असते, आणि माणूस कामावर जाण्याजोगा होईपर्यंत मिळत राहिले असते. तिथे ९१ दिवसांची अट नाही. आणि ताई, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातसुद्धा कामावरचाच धरतात. २०१० च्या दुरुस्तीपासून ही तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. फक्त वेळ, रस्ता आणि ड्युटी यांचा मेळ बसला पाहिजे. सकाळची पाळी, डोंबिवली ते घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका: यापेक्षा सरळ मेळ कुठला असणार?

रोज लोकलला लोंबकळून कामावर जाणाऱ्या या शहरात ही एक तरतूद इतक्या कमी लोकांना माहीत असावी, याचं मला फार वाईट वाटतं. कामगाराला माहीत नसते, कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाला माहीत नसते, आणि हॉस्पिटलात घाईच्या वेळी ‘आजारी’ म्हणून कागद पुढे सरकतो. म्हणून कागद गोळा करा: रेल्वे पोलिसांची नोंद, ज्या हॉस्पिटलात आधी नेलं तिथला केसपेपर (त्यावर वेळ असते, ती फार मोलाची), त्या महिन्याचा रेल्वेचा पास, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि त्या दिवशी त्यांची कोणती पाळी होती हे दाखवणारं हजेरीचं पान. ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या की ही कामाची दुखापत म्हणून धरावी, आणि कंपनीला अपघाताचा अहवाल पाठवायला लेखी सांगा. दोन्ही पत्रांच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलण्याला इथे काडीची किंमत नाही.

त्याशिवाय रेल्वेकडचा दावा वेगळा. वैध पास असलेला प्रवासी चालत्या गाडीतून पडला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. मुदत अपघातापासून एक वर्ष. साडेचार महिने गेले आहेत, तेव्हा वकिलाला भेटायचं पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

बरेच कामगार मला हळूच विचारतात, ‘मॅडम, कामावर गेलो तर क्लेम जाईल ना?’ या भीतीने माणसं बरी होऊनही घरी बसतात. खरी गोष्ट अशी की रोजचा तात्पुरता भत्ता कामावर रुजू झाल्यावर थांबतो, ते बरोबरच आहे. पण कामाच्या दुखापतीमुळे पायात कायमचा दोष राहिला, तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे कायमचा लाभ मिळतो. तो नोकरीवर असतानाही मिळतो. कामावर जाण्याने तो बुडत नाही.

आता मुख्य गोष्ट. कंपनी विचारते, ‘फिट की अनफिट?’ या प्रश्नातच घोळ आहे. तुमचे मिस्टर मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात फिट आहेत, जॉब कार्ड वाचून सेटिंग लावण्यात फिट आहेत, शीट तपासण्यात फिट आहेत. कागदाचं जड रील ढकलण्यात आज फिट नाहीत. आठ तास सलग उभं राहण्यात आज फिट नाहीत. एकाच माणसाची ही दोन उत्तरं एका ‘फिट’ या शब्दात मावणार कशी? ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरच्या आजारपणाच्या दाखल्याचं रूपच बदललं. ‘कामास योग्य नाही’ याच्या शेजारी ‘काही बदल केल्यास कामास योग्य’ असा पर्याय आला, आणि खाली चार खुणेच्या चौकटी: टप्प्याटप्प्याने परतणं, कामाच्या वेळा बदलणं, काम बदलणं, कामाच्या जागेत सोय करणं. जर्मनीत तर २००४ पासून वर्षभरात सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारी राहिलेल्या माणसाशी ‘तुला परत कसं घेता येईल’ याची बोलणी काढणं मालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडच्या दाखल्यात त्या चौकटी नाहीत. पण डॉक्टरांनी त्या चार गोष्टी हाताने लिहून दिल्या, तर कुणी अडवत नाही. मी गेली कित्येक वर्षं हेच करवून घेते.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत पत्रात मी लिहायची, ‘यांना हलके काम द्यावे.’ साकीनाक्याच्या एका प्रेस शॉपमधला कामगार असं पत्र घेऊन गेला. त्याची दोन बोटं अर्धी गेली होती. सुपरवायझरने विचारलं, ‘हलकं म्हणजे काय? इथे सगळंच जड आहे,’ आणि त्याला गेटवरूनच परत पाठवलं. तो संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला आणि काहीच बोलला नाही. चूक माझी होती. ‘हलकं’ या शब्दाने सुपरवायझरला कळणार काय?

दुसऱ्या दिवशी मी मालकाची परवानगी काढून तिथे गेले. प्रेसच्या बाजूला एक स्टूल मागून घेतलं आणि वही उघडून दोन तास बसले. त्या मशीनवर माणूस करतो काय, ते एक एक उतरवलं. पत्रा उचलणं, डायवर ठेवणं, पॅडल, तुकडा काढणं, भंगार टोपलीत टाकणं, तेल देणं, नग मोजणं, पेटी भरणं, पेटी हलवणं. नऊ कामं. त्यातल्या दोनांनाच पुरी मूठ लागत होती, पत्रा उचलायला आणि पेटी हलवायला. शेजारच्या मशीनवरच्या पोराला विचारलं, तू ती दोन करशील का, हा तुझे नग मोजून पेट्या भरून देईल. तो म्हणाला, ‘मोजायचा कंटाळाच येतो मला.’ आठवड्याभरात काम मार्गी लागलं. क्लिनिकमध्ये आम्ही पकडीचं बळ यंत्रावर मोजत होतो, पण त्याची स्वतःची मोजपट्टी वेगळी होती. जेवणाच्या सुट्टीत डब्याची कडी त्याच हाताने उघडता आली, तेव्हा त्याने मला फोन केला.

तेव्हा तुम्हीही तसंच करा. आज रात्री मिस्टरांना बसवून त्यांच्या पाळीतलं एकेक काम लिहून काढा, पहिल्या मिनिटापासून. रील कोण लावतो? पेस्टिंगकडे किती वेळा जावं लागतं? मशीनच्या मचाणावर चढायला किती पायऱ्या, आणि तासात किती खेपा? बंडल किती किलोचं? पंचिंग किंवा स्टिचिंग बसून करता येतं का? तपासणीचं टेबल कुठे आहे? ही यादी घेऊन हाडाच्या डॉक्टरकडे जा आणि प्रत्येक कामापुढे विचारा: आज चालेल, अमुक तारखेनंतर चालेल, की अजून नाही? नळीचं हाड रॉड घालून पक्कं जुळायला बहुधा चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे एक्स-रे पाहून डॉक्टर तारखेसह उत्तर देऊ शकतील. त्यावरून कंपनीला द्यायचं पत्र असं असावं:

‘हे अमुक तारखेपासून कामावर येऊ शकतात. पहिले सहा आठवडे सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहू नये, मध्ये दहा मिनिटे बसून पाय टेकूवर ठेवावा. १० किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, रील ढकलू नये, शिडी चढू नये. मशीनची सेटिंग, शीटची तपासणी, स्टिचिंग आणि जॉब कार्डाचे काम करू शकतात. अमुक तारखेला पुन्हा तपासून पुढील मर्यादा कळवू.’

आकडे तुमच्या डॉक्टरांचे असतील, माझे नमुन्यादाखल आहेत. पण शेवटची ओळ गाळू नका. मालकाला खरी धास्ती असते ती ‘हा असाच कायम राहिला तर?’ याची. तारीख लिहिली की ती धास्ती निम्मी होते. सहकाऱ्यांच्या बाबतीतही तेच. मुदत नसलेल्या लाइट ड्युटीवर माणूस बसला की महिन्याभरात ‘याला बसून पगार’ अशी कुजबुज सुरू होते आणि चांगल्या माणसाला ती फार लागते. म्हणून काम खरं असावं, कंपनीला गरज असलेलं असावं. नुसतं कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवलेल्या माणसांना मी खचताना पाहिलं आहे.

तासांबद्दल एक सांगते. कमी तासांनी सुरुवात ही कल्पना चांगली, पण आपल्याकडे अर्धा दिवस काम आणि अर्ध्या दिवसाचा विमा असं मिळत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे शिल्लक भरपगारी रजेतून अर्धे दिवस लावून घेता येतात का ते विचारा. नाहीतर पूर्ण पाळी पण बदललेलं काम, हा मार्ग घरच्या पैशाला जास्त झेपतो.

आणि मुंबईत एक गोष्ट कुठल्याच दाखल्यात येत नाही. काम सुरू होतं ते कारखान्याच्या गेटवर नाही, घराच्या जिन्यावर. डोंबिवलीच्या पुलाच्या पायऱ्या, फलाट, गाडीत चढणं, पाऊण तास उभं राहणं, घाटकोपरला गर्दीच्या लोंढ्यात पूल चढून मेट्रो. एवढं करून मरोळला पोचेपर्यंत त्यांचा पाय दिवसभराचा सुजलेला असेल, आणि सुपरवायझरला वाटेल की माणूस कामचुकार झाला. मशीनवरचा बदल मिळाला पण प्रवासाचा विचार झाला नाही, म्हणून दोन आठवड्यांत घरी बसलेली माणसं मी मोजू शकणार नाही इतकी आहेत.

म्हणून मी तुमच्या जागी असते, तर कंपनीकडे सगळ्यात आधी दुसरी पाळी मागितली असती. दुपारी एक-दीडच्या सुमाराला डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची आशा असते, आणि रात्री अकरानंतर परत येतानाही सकाळ-संध्याकाळसारखी चेंगराचेंगरी नसते. कंपनीला यात एक पैसा खर्च नाही. दिव्यांगांच्या डब्यावर मात्र विसंबू नका. कॅन्सरच्या पेशंटना त्या डब्यात मुभा आहे, पण नुसत्या काठीवर किंवा प्लास्टरवर तिथे जागा मिळत नाही, तपासणीत दाखला मागतात. परवडत असेल तर दोन-तीन महिने एसी लोकलचा पास काढा. दारं बंद होतात, आणि त्यांच्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे.

का ते सांगते. तुम्ही पायाबद्दल लिहिलंत, पण ते गाडीतून पडले आहेत. गावी जाऊन राहू म्हणताहेत त्याच्यामागे कदाचित हेच असेल. विचारून बघा, पण सगळ्यांसमोर नको. गाडीचा भोंगा ऐकला की छाती धडधडते का? रात्री दचकून उठतात का? पुरुष माणूस ‘पाय दुखतो’ म्हणेल, पण ‘मला गाडीत चढायची भीती वाटते’ हे तोंडातून काढणार नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत की हाड जुळलं, ताकद आली, आणि फलाटावर गाडी शिरताना हात गार पडले. ही भीती म्हणजे नाटक नाही आणि कमकुवतपणाही नाही. तिच्यावर उपाय आहे, आणि तो हळूहळू करायचा असतो. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं दुपारी फलाटावर जाऊन बाकावर बसा, चार गाड्या जाऊ द्या, घरी या. दोन-तीन दिवसांनी स्लो गाडीने एकच स्टेशन, डोंबिवली ते कोपर, आणि परत. मग दिव्यापर्यंत. मग ठाण्यापर्यंत, म्हणजे मुंब्रा-कळवा पार करून. त्या पट्ट्यात त्यांचा हात धरून ठेवा आणि बोलत राहा. मग रविवारी घाटकोपर, मेट्रो, मरोळपर्यंत पूर्ण फेरी. रुजू व्हायच्या आधी हा रस्ता पायाखालून गेलेला असावा. झोप उडाली असेल, सारखं तेच आठवत असेल तर मानसोपचार ओपीडीत दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मराठीतूनही बोलते.

फिजिओथेरपी थांबली असेल तर ती आधी सुरू करा. जवळ नीट सोय होत नसेल तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे कामावर परतण्याच्या दृष्टीने तपासतात. व्यायामही कामासारखा हवा. नुसता पलंगावर पाय उचलून कारखान्यात उभं राहण्याचा दम येत नाही. ओट्याशी उभं राहून तुम्हाला भाजी चिरून देऊ देत: पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. एका पायरीवरून चढ-उतार करू देत, कठडा धरून. घोटा आखडला असेल तर उतरताना जास्त त्रास होतो, त्यावर मेहनत घ्या. किती वेळ उभे राहिले ते कॅलेंडरवर लिहा. तेच पान पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवा.

गावी जाण्याबद्दल मी स्पष्ट बोलते. चार दिवस जाऊन या, आई-वडिलांना भेटा. पण राहायला जाऊ नका, निदान आत्ता नाही. गावी गेलं की ई.एस.आय.च्या दवाखान्यातले दाखले खंडित होतात, व्यायाम सुटतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीशी असलेला धागा तुटतो. जितके दिवस माणूस कामापासून लांब, तितकं परतणं अवघड, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे, आणि ते पायाच्या दुखण्यावर अवलंबून नसतं. त्यांच्या जागी दुसऱ्याला मशीन शिकवलं जातं, सुपरवायझर बदलतो, ‘तो परत येणार नाही’ असं गृहीत धरलं जातं. त्यांना दर पंधरा दिवसांनी स्वतः सुपरवायझरला फोन करायला सांगा. ‘पाय असा आहे, या तारखेला तपासणी आहे, मशीन कसं चाललंय?’ इतकंच. चौदा वर्षांच्या ऑपरेटरने मशीनबद्दल विचारलं की समोरच्यालाही आठवतं की हा माणूस आपल्याला हवा आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी बेस्ट, महानगरपालिका, एस.टी. किंवा रेल्वेत असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा, पदावर ठेवायचं. कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आधीच्या १९९५ च्या कायद्याखाली हेच ठामपणे सांगितलं होतं. पाय गमावलेल्या, केंद्रीय दलातल्या एका कॉन्स्टेबलची ती केस होती. खासगी कारखान्यातल्या कामगाराला या कलमाचा आधार नाही. म्हणूनच, ताई, तुमच्या बाबतीत ते पत्र, त्या तारखा आणि सुपरवायझरचा विश्वास यांनाच जास्त जपायचं आहे.

कंपनीत बोलायला जाल तेव्हा मिस्टरांबरोबर युनियनचा किंवा विश्वासातला एक सहकारी घ्या. ‘मला लाइट ड्युटी द्या’ ने सुरुवात नको. यादी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, ‘साहेब, यातली एवढी कामं मी सोमवारपासून करतो. एवढी सहा आठवड्यांनी बघू. मला दुसरी पाळी द्या.’ मॅनेजर ‘बघतो’ म्हणाला, तर किती तारखेपर्यंत ते तिथेच विचारा. जे ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर पाठवा, म्हणजे उद्या मॅनेजर बदलला तरी नोंद राहील. आणि पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पायाची सूज बघा. रात्रभर उशीवर पाय ठेवून सकाळी उतरली, तर काम झेपतंय. सकाळीही तशीच राहिली, किंवा पोटरी गरम आणि टणक लागली, तर त्या दिवशी कामावर नाही, डॉक्टरकडे.